सहा मिलिमीटरचं सैन्य आणि काळ्या रानाचा बेस: विज्ञानकथेतल्या इवल्या मिनिएचरचं रंगकाम, खानदेशच्या हवामानात

टेबलावरच्या युद्धखेळांतल्या मोठ्या मिनिएचरचं (छोट्या पुतळ्यांचं) रंगकाम शिकलेला माणूस सहा मिलिमीटरच्या सैनिकाला हात घालतो तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट बिघडते: तो सगळं रंगवायला जातो. डोळे, पट्टे, बक्कल, बोटं. अर्धा तास खपून सैनिक हातभर अंतरावर ठेवला की करड्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. या मापात रंगवायचं ते एका सैनिकाला नाही, पाच सैनिकांच्या तुकडीला. आणि तुकडी ओळखू येण्याचं निम्मं काम तिच्या पायाखालचा बेस (सैनिक ज्यावर उभे असतात ती पट्टी किंवा चकती) करतो. म्हणून या लेखात बेसला रंगाइतकीच जागा दिली आहे.

आधी मापाचा हिशोब

सहा मिमी म्हणजे साधारण १:३०० किंवा १:२८५. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:३०० मध्ये ५.८ मिमी होतो, १:२८५ मध्ये ६.१ मिमी. दोन्ही मापांची पथकं एका टेबलावर बिनधास्त चालतात. सात मीटर लांबीचा रणगाडा २३ मिमी भरतो, बारा मीटर उंच, पायांवर चालणारं यंत्र ४० मिमी. 'लीजन्स इंपीरियालिस' (२०२३) या युद्धखेळातले सैनिक याहून थोडे मोठे, आठ मिमीच्या आसपास असतात. त्यांनाही इथल्या सगळ्या पद्धती लागू पडतात.

बेसचं माप खेळाच्या नियमांप्रमाणे घ्या. १९८९ च्या 'स्पेस मरीन' या खेळात २० मिमीच्या चौकोनावर पाच सैनिक उभे असत, 'लीजन्स इंपीरियालिस'मध्ये २५ मिमीच्या गोल बेसवर पाच. नियम ठरलेले नसतील तर ४० × २० मिमीची पट्टी घ्या. तिच्यावर सैनिकांसोबत थोडी जमीनही दिसते. सुरुवातीला दहा पट्ट्या, म्हणजे पन्नास सैनिक, सहा रणगाडे आणि दोन चालती यंत्रं एवढीच तुकडी हाती घ्या आणि ती पूर्ण करूनच पुढची उघडा.

सफाई आणि काडीवर चढवणं

धातूची मिनिएचर साच्यातून येते तेव्हा तिच्या कडेनं बारीक शिवण असते. ती धारदार कटरच्या पात्यानं खरवडा, कापू नका. सैनिकांच्या बाबतीत फक्त डोकं आणि खांद्यावरची शिवण काढली तरी पुरतं, पायांमधली कुणालाच दिसत नाही. जुन्या धातूच्या मिनिएचरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून घासताना उडणारी भुकटी ओल्या फडक्यानं टिपा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. मिनिएचर थ्री-डी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापलेली असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये नीट धुऊन, वाळवून, मग अतिनील प्रकाशात पक्की झालेली हवी. बोटाला चिकट लागत असेल तर त्यावर प्रायमर (रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर) धरणार नाही. रेझिन घासायचं ते पाण्यात भिजवूनच, म्हणजे धूळ श्वासात जात नाही.

मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासा, धुवा, रात्रभर वाळू द्या. साच्याचं तेल राहिलं तर रंग महिन्याभरात पापुद्र्यानं निघतो.

सैनिक आइस्क्रीमच्या काडीवर रांगेनं चिकटवा. दोघांमध्ये किमान १० मिमी जागा ठेवा, नाहीतर ब्रश आत जात नाही. फेविक्विकचा अगदी टिपूस पुरे, कारण नंतर त्यांना काढायचं आहे. फेविक्विक हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं. एप्रिल–मेमध्ये खानदेशची हवा इतकी कोरडी असते की ते नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं, आणि माणूस घाईनं दुसरा थेंब टाकतो. तो दुसरा थेंबच पुढे पांढरी बुरशी आल्यासारखा डाग सोडतो. पहिल्याच थेंबाला वेळ द्या. रणगाडे बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेपनं चिकटवले की पुरे.

प्रायमर: उन्हाळ्यात घड्याळ बघून

इथे जळगाव, भुसावळ, धुळ्याची हवा थेट कामात येते. पारा ४३–४५ अंशांवर असताना दुपारी स्प्रे मारला तर रंगाचे कण मिनिएचरला पोचेपर्यंत हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग रवाळ होतो. मोठ्या मिनिएचरवर हे खपून जाईल. सहा मिमीवर तो रवा चेहऱ्याएवढा दिसतो आणि काढता येत नाही. मे महिन्यात स्प्रे सकाळी सहा ते आठच्या दरम्यानच मारा, भिंतीच्या सावलीत, वारा पडलेला असताना. अंतर २० ते २५ सेंमी. आडवे, पळते हात, दोन पातळ थर, मध्ये पंधरा मिनिटं. डबा गच्चीवर किंवा गाडीत ठेवू नका: अशा डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि उन्हातली गाडी ती सहज ओलांडते.

कूलरच्या खोलीत स्प्रे नकोच. कूलर हवेत ओलावा सोडतो, पंख्यासमोर धूळ फिरवतो, आणि बंद खोलीत द्रावकाची वाफ साचते ती वेगळीच. पावसाळ्यात जुलै–ऑगस्टभर स्प्रेचा नाद सोडा आणि ब्रशनं लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरा. सर्वांत उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वर्षभराचं प्रायमिंग जमेल तेवढं त्या चार महिन्यांत उरकून ठेवावं.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला स्वस्त प्रायमर चालतो, पण 'सरफेसर' किंवा 'फिलर' लिहिलेला घेऊ नका. तो ओरखडे बुजवण्यासाठी जाड केलेला असतो आणि रणगाड्यावरच्या पत्र्यांच्या बारीक खाचाही बुजवतो. प्लास्टिकच्या मिनिएचरवर आधी स्प्रूच्या (भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या) तुकड्यावर मारून बघा, काही द्रावकं प्लास्टिक विरघळवतात.

रंग कोणता? पायदळाला पांढरा किंवा फिका करडा. काळ्यावरून फिका रंग चढवायला तीन थर लागतात आणि तीन थरांत सहा मिमीचा चेहरा गायब होतो. चालत्या यंत्रांना मात्र आधी सगळीकडून काळा आणि मग फक्त वरून पांढरा मारा. सावली आणि उजेड आयताच मिळतो.

रंग, पाणी, ब्रश

सैनिकांसाठी मॉडेलचे बारीक दळलेले रंग घ्या. वायेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर यांपैकी काहीही चालेल, १२ ते १८ मिलीची एक बाटली या मापात वर्षानुवर्षं पुरते. हस्तकलेचे फेविक्रिलसारखे रंग आणि ट्यूबमधले कलाकारांचे अ‍ॅक्रिलिक बेससाठी राखून ठेवा. ते स्वस्त आणि भरपूर, पण सैनिकावर जाड बसतात.

ब्रश ००० नंबरचा घ्यायचा मोह टाळा. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो मिनिएचरला टेकण्याआधी वाळतो. ० किंवा १ नंबरचा, पण टोक अणकुचीदार असलेला ब्रश घ्या. ड्रायब्रशसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवटे उजळण्यासाठी) मेकअपचा मऊ, गोल, छोटा ब्रश.

ओली पॅलेट इथे चैनीची वस्तू नाही, तिच्याशिवाय मार्च ते जून काम होत नाही. झाकणाचा चपटा डबा, तळाला भिजवलेला पातळ स्पंज किंवा चार पदरी टिश्यू, वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणाचा कागद घेऊ नका, त्यातून ओलावा वर येत नाही. पाणी बोअरचं नको. त्यात क्षार जास्त, आणि वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) वाळल्यावर खाचांमध्ये पांढरी रेघ उमटते. आरओचं पाणी किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा.

पायदळ: चार पायऱ्या, त्यापुढे नाही

पहिली पायरी, मुख्य रंग. दुधाइतका पातळ करा आणि पूर्ण काडीवरच्या सैनिकांना एकाच हातानं लावा. रंग तुमच्या मनात आहे त्यापेक्षा दोन छटा फिका घ्या. लांबून छोटी वस्तू नेहमी अधिक गडद दिसते, शिवाय पुढचा वॉश तिला आणखी गडद करणार आहे.

दुसरी, वॉश. घरी करायचा तर गडद तपकिरी रंग १ भाग, मॅट मीडियम (रंग नसलेलं, चमक न देणारं रंगात मिसळायचं द्रव्य) ४ भाग, पाणी ६ भाग. नुसतं पाणी घालून केलेला वॉश कडेला गोळा होऊन चहाच्या डागासारखी कड सोडतो. मीडियम तो रंग खाचेत धरून ठेवतं. लावल्यावर पायापाशी थेंब साचला तर कोरड्या ब्रशच्या टोकानं ओढून घ्या. वीस-तीस मिनिटं हात लावू नका.

तिसरी, ड्रायब्रश. मुख्य रंगात हस्तिदंती रंग निम्म्यानं मिसळा, ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि डोक्याकडून खांद्याकडे वरून खालीच फिरवा. खालून वर फिरवला तर सावलीही उजळते आणि वॉशची मेहनत फुकट जाते.

चौथी, तीन ठिपके: बंदूक, हेल्मेटची काच, आणि तुकडीची खूण. बंदूक पूर्ण काळी नको, गडद करडी करून तिच्या वरच्या कडेला फिक्या करड्याची एकच रेघ द्या. हेल्मेटची काच एका टिपक्यात: केशरी, पोपटी किंवा आकाशी, सैन्याच्या मुख्य रंगाच्या विरुद्ध जाणारी. टेबलावर नजर सगळ्यात आधी तिथेच जाते, म्हणून ही एक जागा चोख हवी. खूण म्हणजे एका खांद्याचा वेगळा रंग, दर पथकाला वेगळा. खेळताना कोणती पट्टी कोणाची हे त्यावरूनच कळतं.

इथे थांबा. पाचवी पायरी सुचेल, पण ती दिसणार नाही.

रणगाडे आणि चालती यंत्रं

यांना जास्त वेळ द्यायला हरकत नाही, कारण सपाट पत्रे नजरेत भरतात. सगळीकडे वॉश ओतू नका, सपाटीवर डाग राहतात. आधी चकचकीत व्हार्निशचा पातळ थर, मग ब्रशच्या टोकानं फक्त खाचांना वॉश टेकवा. चकचकीत पृष्ठभागावर तो स्वतःच रेघेनं पळतो. कडा उजळताना ब्रशचं टोक नव्हे, त्याची बाजू कडेवरून ओढा. टोकानं हात थरथरतो, बाजूनं कड आपोआप रंग उचलते.

चालकाची काच: गडद निळा भरा, खालच्या निम्म्यात मधला निळा, वरच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका. प्रतिबिंबाचा भास यायला तीन छटा पुरतात. कॅमोफ्लाजचे पट्टे तीन-चार मिमी रुंद ठेवा. मापाच्या हिशोबानं बारीक केलेत तर लांबून सगळे मिसळून एकच मळकट रंग होतो. पाण्यात सुटणारी डिकॅल (चिन्ह छापलेली पातळ फिल्म) लावायची तर तीही याच चकचकीत थरावर, नाहीतर तिच्याखाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते.

शेवटी धूळ. फिका मातकट रंग भरपूर पातळ करून चाकांच्या आणि रणगाड्याच्या साखळी-पट्ट्यांच्या खालच्या दोन-तीन मिमीला लावा. धुळीची छटा बेसवरच्या मातीच्या सर्वांत उजळ छटेशी जुळलीच पाहिजे. ती जुळली नाही तर गाडी दुसऱ्याच ग्रहावरून आणून ठेवल्यासारखी दिसते.

बेस कशाचा कापायचा

पुठ्ठा नको. एका बाजूनं ओला झाला की वाळताना वाकतो. दोन मिमीचा एमडीएफ किंवा दीड मिमीची अ‍ॅक्रिलिक शीट चांगली. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणारे लेझर कटिंगवाले मापाप्रमाणे कापून देतात. गोल बेस हवा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला वॉशर घ्या: प्रमाणित एम८ चा बाहेरचा व्यास १६ मिमी, एम१० चा २०, एम१२ चा २४. भोक मागून टेप लावून एम-सीलनं बुजवा. वॉशरचं वजन मिनिएचरला उभं ठेवतं आणि चुंबकाला धरतं. नाणी वापरू नका, ती विद्रूप करणं कायद्यानं गुन्हा आहे.

वाळूचा कण म्हणजे धोंडा

या मापातली सर्वांत मोठी चूक बेसवरच्या वाळूत होते. १:३०० मध्ये अर्ध्या मिमीचा कण म्हणजे १५ सेंमीचा दगड, आणि दोन मिमीचा कण म्हणजे ६० सेंमीचा धोंडा. बांधकामाची वाळू तशीच ओतली तर सगळं सैन्य दरड कोसळलेल्या जागी उभं वाटतं. वाळू धुवा, उन्हात वाळवा, मग मैद्याच्या चाळणीतून गाळा. खाली पडेल ती जमीन. रव्याच्या चाळणीतून गाळून वर उरलेले मोजके कण वेगळे ठेवा, दर बेसवर दोन किंवा तीन, धोंडे म्हणून.

काळ्या रानाचा बेस करायचा म्हणून खरी काळी माती वापरावीशी वाटणं साहजिक आहे. वापरू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात ज्या कारणानं भेगा पडतात त्याच कारणानं बेसवर फेविकॉलसकट पापुद्रा सुटतो. माती रंगानं दाखवा.

लेप असा: फेविकॉल २ भाग, भिंतीची पांढरी पुट्टी २ भाग, मैदाचाळणीची वाळू १ भाग, बर्न्ट अंबर आणि काळा रंग २:१ प्रमाणात लेप गडद होईपर्यंत, आणि पाण्याचे थेंब. रंग लेपातच मिसळायचा, कारण नंतर टवका उडाला तर आत पांढरं दिसत नाही. रंगवलेले सैनिक काडीवरून सोडवून बेसवर आधी चिकटवा, नागमोडी, दोघांत आठेक मिमी अंतर. मग टूथपिकनं लेप त्यांच्या पायाखालच्या चकतीपर्यंत भरत न्या. चकतीची कड दिसत राहिली की प्रत्येक सैनिक सोंगटीसारखा दिसतो. लेप एक मिमीपेक्षा जाड नको, जाड भाग चिरतो. रात्रभर सावलीत वाळवा, उन्हात नाही.

काळी माती कोरडी असताना काळी नसते, करड्या-तपकिरीकडे झुकते. म्हणून पहिला ड्रायब्रश बर्न्ट अंबर आणि करडा समप्रमाणात, दुसरा अगदी हलका, फिक्या मातकट रंगाचा, फक्त उंचवट्यांवर. या जमिनीवर गडद हिरवं किंवा काळं सैन्य हरवून जातं. हस्तिदंती, मोहरी, केशरी, फिका निळा अशी सैन्यं इथे उठून दिसतात. सैन्य गडदच हवं असेल तर जमीन बदला: तापीकाठच्या घळींसाठी रॉ सिएनामध्ये पांढरा, सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमासाठी बर्न्ट सिएना १ आणि यलो ऑकर २.

नांगरटीचं किंवा कपाशीचं रान हवं असेल तर ओल्या लेपावरून तीन मिमी अंतराच्या दात्यांची फणी ओढा. ९० सेंमीच्या ओळी मापात बरोबर तीन मिमी होतात. सरी बेसच्या लांबीला समांतर न ठेवता तिरकी ओढा, म्हणजे शेजारचे बेस जुळले नाहीत तरी खटकत नाही.

परग्रहावरची केळीची बाग

जळगाव, रावेर, यावलच्या माणसाला केळीची बाग वेगळी समजावायला नको. दीड मीटर बाय दीड मीटरची लागवड टेबलावर पाच बाय पाच मिमी होते, आणि बसराईसारखी ठेंगणी केळ पाच-सहा मिमी, म्हणजे सैनिकाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत. पातळ कागद दोन्ही बाजूंनी हिरवा रंगवा, त्यातून सहा पाकळ्यांचा, सहा मिमीचा तारा कापा, पाकळ्या खाली वाकवा आणि झाडूच्या काडीच्या पाच मिमी तुकड्यावर चिकटवा. ४० × २० च्या पट्टीवर सहा ते आठ झाडं, मागच्या कडेला दोन ओळींत, समोर सैनिक. ग्रह परका वाटावा म्हणून पानांचा हिरवा निळ्याकडे झुकवा आणि मधल्या शिरेला जांभळी छटा द्या. आकार ओळखीचा, रंग अनोळखी, एवढं पुरतं.

ठिबकची नळीही दाखवता येते. १६ मिमीची नळी मापानं ०.०५ मिमी होईल, ती दिसणारच नाही. जुन्या चार्जरच्या वायरमधली एकेरी तार घ्या, काळी रंगवा, ओळीतून टाका. प्रमाण मोडतं, पण नजरेला पटतं, आणि या मापात तोच निकष.

गवतासाठी दोन मिमीचं स्टॅटिक ग्रास (कृत्रिम गवताचे उभे तंतू) लावू नका, ते सैनिकाच्या मांडीपर्यंत येतं. सॉमिलमधला भुसा मैद्याच्या चाळणीतून गाळा, अ‍ॅक्रिलिकच्या पाण्यात रंगवा, वाळवा, आणि पातळ फेविकॉलवर चिमटीनं टाका. वापरलेली चहा पावडर मात्र टाळा, पावसाळ्यात तिला बुरशी येते.

मोठ्या भूभागासाठी धुळे–नंदुरबारच्या पट्ट्यातले बेसाल्टचे डाइक बघावेत: सपाट रानातून भिंतीसारख्या उठलेल्या, साधारण पूर्व–पश्चिम धावणाऱ्या लांबच लांब अरुंद टेकड्या. परग्रहाचा देखावा याहून चांगला कुठे शोधायचा? बारा मीटर रुंदीचा डाइक ४० मिमी होतो. खरी उंची घेतली तर खेळताना हात अडतो, म्हणून ४०–५० मिमीवर थांबा. कॉर्क शीटचे तोडलेले तुकडे उभे रचा, फटी लेपानं भरा, गडद करड्यावर फिक्या करड्याचा ड्रायब्रश, पायथ्याला रव्याच्या चाळणीतले धोंडे. बेसच्या मातीचाच रंग पायथ्यापासून वर ओढत न्या.

व्हार्निश, बेसची कड, पेटी

मॅट व्हार्निशचा स्प्रे प्रायमरच्याच वेळा पाळतो. ओलसर हवेत मारला तर पांढुरकी झाक येते. तशी आली तर चकचकीत व्हार्निशचा पातळ थर ब्रशनं द्या, बहुतेक वेळा ती जाते. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मॅट. हेल्मेटच्या काचांवर शेवटी चकचकीत व्हार्निशचा टिपका. बेसची कड सगळ्या सैन्याला एकाच रंगाची ठेवा, काळी किंवा गडद तपकिरी, आणि मागच्या कडेवर पथकाचं नाव बारीक पेननं लिहा.

ठेवायला स्टीलचा किंवा प्लास्टिकचा चपटा डबा, तळाला चुंबकीय शीट. वॉशरचे बेस तसेच धरतात. एमडीएफच्या बेसखाली पातळ पत्र्याचा तुकडा चिकटवा. उन्हाळ्यात डबा गाडीच्या डिकीत सोडू नका: रेझिनच्या बारीक बंदुका उष्णतेनं वाकतात. वाकलीच तर गरम पाण्यात काही सेकंद बुडवून सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा.